थांबणारा पडदा

लेकीने कामासाठी नवा मॉनिटर आणला. घरबसल्या ती गेमसाठी चित्रं करते. "जुना पडदा आपल्याच ठेक्यात चालायचा," ती म्हणाली. "एक चित्र दाखवत असतानाच पुढचं आलं की वर जुनं, खाली नवं, आणि मधे चीर. हा चित्र तयार होईपर्यंत थांबतो."

"आणि फारच उशीर झाला तर?"

"मग आधीचंच पुन्हा दाखवतो."

मी चहा घेऊन बाबांच्या खोलीत गेले. अर्धांगवायूनंतर माझ्या वडिलांचे शब्द कधी भरभर येतात, कधी अडून बसतात. दिवसभर राबून माझ्यात तेवढा धीर उरत नाही. त्यांचं वाक्य मीच पुरं करून टाकते. अर्धं त्यांचं, अर्धं माझं. ते मान हलवतात. तो होकार असतो की कंटाळा, हे मी बघत नाही.

"आज..." बाबा म्हणाले.

'भाजी काय' हे शब्द माझ्या ओठांवर आलेच होते. मी कप खाली ठेवला आणि गप्प बसले.

"आज... आज..."

चहावर साय धरली.

"आज तू फार दमलेली दिसतेस."

कित्येक दिवस रोज या वाक्याच्या 'आज'वरच मी भाजीचं नाव सांगत आले होते.