कमलची धावपट्टी

कमल गेल्याचा नणंदेचा फोन आला तेव्हा मी अंगणवाडीत मुलांना खिचडी वाढत होते. खोटं कशाला लिहू... रडू येण्याआधी मनात आलं, आता सगळा गाव हिच्याबद्दलच बोलणार. दीड महिना झाला. गाव अजून तिच्याबद्दलच बोलतोय.

कमल माझी धाकटी जाऊ. किन्हवलीकडच्या आमच्या गावामागं माळावर जुनी धावपट्टी आहे. महायुद्धात लष्करानं बांधलेली. तिच्यासाठी आजेसासऱ्यांचं शेत गेलं, आणि त्याच शेतावर त्यांनी मजुरीनं खडी फोडली. युद्ध संपलं, विमानं गेली, राहिला तो लांबच लांब पट्टा. गावानं त्यावर भात वाळवलं, नाचणी झोडली, लग्नाच्या पंगती उठवल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा नवऱ्याला म्हटलं होतं, "एवढी सरळ वाट आहे, मला जीप शिकवा की." ते हसले. "अंगनवाडीत काय जीपनं जानार?" मी तो विषय पुन्हा काढला नाही.

चार वर्षांनी कमल आली. तिनं विचारलंच नाही. दीर मुरबाड-कल्याण जीप चालवायचे. दुपारी जेवून ते आडवे झाले की ही किल्ली घेऊन धावपट्टीवर! पहिल्याच दिवशी जीप वाळवणाच्या भातात घुसली. सासूबाई ओरडल्या, दीर मात्र कौतुकानं म्हणाले, "ब्रेक बरा मारते." मला माझ्या नवऱ्याचं ते हसणं आठवलं. पुढं तिनं लायसन काढलं आणि डोंगरातल्या पाड्यांवरच्या बायकांना शिकवायला लागली. रविवारी दुपारी पदर खोचून आठ-दहा जणी उभ्या असत. मला म्हणायची, "बाई, बसा की एकदा." मला नेहमीच काम असायचं. मग खिडकीतून बघत राहायचे.

धावपट्टीची जागा अजून सरकारचीच. एकदा तिच्या पाहणीला सरकारी माणसं आली, अंगणवाडीत पाणी प्यायला थांबली. इथं गाड्या कोण शिकवतं, असं त्यांनी सहज विचारलं. गप्प बसता आलं असतं. मी नाव सांगितलं, वार सांगितला, वेळसुद्धा सांगितली. आठवड्याभरात, गाड्या शिरू नयेत म्हणून, पट्टीच्या दोन्ही टोकांना चर खणले गेले. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

कमल बायकांना घेऊन शहापूरच्या कचेरीत खेपा घालू लागली. ग्रामसभेत, सगळ्या पुरुषांसमोर उभी राहिली. "आमचं शेत घेतलं तवा कोनी ईचारलं नाय. आता चाकं तरी फिरू द्या." पावसाळा सरता सरता चर बुजवले गेले, रविवारची रीतसर परवानगी मिळाली. माझ्या चुगलीनं ती मोठीच झाली. तिच्या हाताखालची एक आज रुग्णवाहिका चालवते, दोघी शाळेच्या गाड्या.

मग तिचं पोटाचं दुखणं निघालं. शेवटी शेवटी मी उशाशी बसायचे. एका दुपारी न राहवून बोलले, "त्या साहेबांना मीच सांगितलं होतं गो."

डोळे मिटूनच ती म्हणाली, "ठावं हाय बाई. कचेरीच्या कागदात लिवलं व्हतं, रविवार, दुपारी दोन... साहेब तं अंगनवाडीतच थांबले व्हते, दुसरं कोन सांगंल?"

"मग कधी बोलली का नाहीस?"

"बोलले असते तं तुमी जीपमंदी कवाच नसत्या बसल्या. मी वाट बघत व्हते."

ही क्षमाही तिनं केव्हाच करून ठेवली होती, मला मागायलासुद्धा न लावता. तिथंही ती पुढं. मरणाऱ्या माणसाचा का कुणी हेवा करावा... पण तो वाटला.

गेल्या रविवारी मी बसले. शेजारी तिच्याकडे शिकलेली सखू होती. "कलच हळू सोडा, बाई." दोनदा आचके देऊन जीप बंद पडली, तिसऱ्यांदा चालली. सीटच्या पाठीला टेकवलेली, जुन्या लुगड्याची एक जाडजूड उशी आहे. कमल बुटकी, तिचे पाय पोचत नसत, म्हणून तिनं शिवलेली. मी चांगली उंच. उशीमुळं माझे गुडघे स्टिअरिंगला लागतात.

"काढू का ती?" सखूनं विचारलं.

"नको," मी म्हटलं, आणि तशीच अवघडून पट्टीच्या टोकापर्यंत गेले.