हसलं कोण?

एकाहत्तरची लढाई संपून चांगले सहा महिने झाल्यावर अल्लीपूरचे माणिक ताकसांडे हवाई दलात शिकाऊ म्हणून दाखल झाले, त्यामुळे शत्रू म्हणून त्यांच्या वाट्याला फक्त कवायतीचा उस्ताद आला. परवा जाम चौरस्त्यावरच्या हॉटेलात त्यांना तेव्हाचे दोन सोबती भेटले, हिंगणघाटचे मधू देवतळे आणि गिरडचे भैयाजी लोणकर. तिघांचीही सत्तरी उलटलेली. चहा यायच्या आतच कवळीची गोष्ट निघाली.

झालं होतं असं, की हुकूम देता देता उस्तादाची कवळी निसटून मैदानात पडली आणि रांगेतलं कोणीतरी खो खो हसलं. "कौन हँसा?" उस्ताद गरजला. देशासाठी प्राण द्यायला निघालेल्या साठ पोरांपैकी एकही पुढे आला नाही. मग अख्खी तुकडी डोक्यावर रायफल धरून जेवणाच्या सुट्टीपर्यंत पळाली.

"अबे, मीच हासलो होतो!" मधू म्हणाले.

"तू काऊन हासशीन? हासलो तं मी होतो," भैयाजींनी टेबलावर हात आपटला.

पन्नास वर्षांनी शौर्याला असा पूर आलेला पाहून माणिकरावांना राहवलं नाही. खरे हसले होते तेच, आणि हे त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

"गड्याहो, तो मी होतो," ते हळूच म्हणाले.

दोघं पोट धरून हसले. "तू? तू तं शिंकाची बी परवानगी मांगे!"

गुन्ह्याची कबुली अशी फेटाळली गेल्यावर माणिकरावांनी आलूबोंड्यांची आणखी एक प्लेट मागवली. आपल्यापायी सगळ्या पोरांना पळावं लागलं याची इतकी वर्षं वाटत आलेली लाज त्यांनी त्याच बैठकीत सोडून दिली.