तीन गाठींचं पाणी

स्टेलाबाईंच्या तळहातांची सालटी निघाली होती. साठी उलटल्यावर तीन आठवडे आडाचं पाणी शेंदायचं म्हणजे चेष्टा नव्हे. पण मिरजगावच्या मोटरींच्या दुकानात त्यांना झोंबत होतं ते वेगळंच. दुकानदार गोरक्षनाथ त्यांच्याकडे बघतही नव्हता. बोलत होता तो त्यांच्या धाकट्या दिराशी, एलियाशी.

"दादा, तीनची जळली ना? आता पाचची न्या. बघायाच नको."

"घराला शोभंल पण," एलिया म्हणाला.

शोभेल! मोटर काय ओट्यावर मांडून ठेवायची होती? गेल्या वर्षी बाई नको नको म्हणत असताना यानंच तीन एचपीची आणली. शेजारच्या रंगनाथच्या मळ्यात तीनची, मग आपल्या परसात कमी कशी? टाकी दहा मिनिटांत भरायची आणि हा मिशीत हसायचा. मग यंदाचा मे आला. एक दिवस बटण दाबून साहेब चावडीवर गप्पा मारायला गेले. टाकी भरून वाहू लागली, आड आटला, मोटर कोरडीच फिरत राहिली आणि जळाली. वर म्हणाले, "कंपनीचा मालच खराब."

बाईंनी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मोजमाप शिकवलं होतं. निवृत्तीनंतर दर शनिवारी त्या दगड बांधलेली दोरी आडाच्या तळाशी सोडत. हातभर अंतरावर एकेक गाठ. जितक्या गाठी ओल्या, तितक्या कोळशाच्या रेघा स्वयंपाकघराच्या दारामागं. 'बाई आडाची हजेरी घेतात,' असं गाव हसायचं.

तीच दोरी त्यांनी पिशवीतून काढून काउंटरवर आपटली. दगडानं काच खणाणली.

"माझ्याशी बोला. आड माझा आहे."

"बाई, मोटर म्हंजी काय भाजी हाय का, निवडून घ्यायला?"

"भाजीवाला निदान खाणारी तोंडं किती ते विचारतो. तुम्ही पाणी किती, हे विचारलंत? मेमध्ये तीन गाठी. उपसलं की तासाभरात दोन भरतात, जास्त नाही. एवढ्याशा झऱ्याला पाचची लावून काय चिखल उपसू? अर्ध्या एचपीची काढा."

गोरक्षनाथनं पहिल्यांदाच गाठी चाचपल्या. मग गुमान आत गेला.

"वहिनी, अर्धी? लोक हसतील की," एलिया पुटपुटला.

"हसू द्या, भाऊजी. तीन आठवडे मी शेंदत होते, तेव्हा कोण रडलं?"

नव्या मोटरीनं टाकी भरायला पाऊण तास घेतला. बाईंनी दोरी सोडून पाहिली. दोन गाठी अजून ओल्या होत्या.

संध्याकाळी एलिया आला. "लई दमानं चढतंय म्हणं," असं म्हणत त्याचा हात बटणाकडे गेला.

बाईंनी त्याच्या हातात दोरी दिली. "आधी ही सोडायची. मग बटण."

तो आडावर ओणवा झाला. वर ओढलेल्या दोरीच्या गाठी पोरासारखा मोठ्यानं मोजू लागला, "एक... दोन... तीन..."

बरोबर मोजल्या त्यानं. बाई शाबास म्हणाल्या नाहीत.