राहिलेलं एक वाक्य

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो तो सावंत गुरुजींमुळे. त्यांच्याइतकेच काटेकोर एक चाचा मला कुवेतमध्ये, महबूला भागातल्या आमच्या इमारतीत भेटले. मूळचे रत्नागिरीचे, इथे सरकारी वकिलांकडे दुभाषी. लिफ्टमध्ये कुणी मधेच बोललं की बोट वर करायचे, "थांब बाबू, माझं वाक्य होऊ दे."

आमच्या कुवेती मालकांनी गोदामात शिरलेल्या चोराच्या पायावर शिकारीची बंदूक चालवली. खटला झाला. मी ते पाहिलं होतं; माझी साक्ष चाचांनीच अरबीत उतरवली होती. कोर्टात सरकारी वकील म्हणाले, चोर निःशस्त्र होता. चाचांनी आपली वही चाळली आणि बोट वर केलं. "साहेब, चोराने आधी सुरा उगारला, हे या साक्षीदाराचं वाक्य अरबीत उतरवताना माझ्याकडून राहिलं."

आता चाचांची नोकरी जाणार, असं मला वाटलं. वकिलांनी मात्र ते वाक्य न्यायाधीशांना स्वतः वाचून दाखवलं.

मालक सुटले. त्यांच्या घरच्या बैठकीत चाचांना आणि मलाही बोलावलं होतं. तिथे मालकांच्या भावाने आनंदाने हवेत झाडायला बंदूक काढली. चाचांचं बोट पुन्हा वर. "परत मलाच जबाब लिहायला लावतोस? टाळ्या वाजव." मग सगळे टाळ्या वाजवत नाचलो.

मी पत्र लिहिलं: "गुरुजी, फळ्यावरची स्वतःची चूक तुम्ही वर्गाला सांगून पुसायचात. तसा माणूस इथे भेटला. त्यांची नोकरीही शाबूत आहे. आज लिफ्टमध्ये त्यांचं वाक्य पूर्ण होऊ दिलं, त्यात माझा मजला मागे राहिला."