पिस्ता रंगाची भिंत

कोल्हापूर सोडलं त्या दिवशी बाबांनी पुण्याच्या एसटीच्या ड्रायव्हरला हाक मारून सांगितलं, "पोरगी जर्मनीला निघालीया, जरा बघा की!" अख्खी गाडी वळून माझ्याकडे बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण कराड यायच्या आत शेजारच्या मावशींनी भडंगाची पुडी माझ्या मांडीवर ठेवली होती आणि मागच्या सीटवरून कानटोपीची चौकशीही झाली होती. हॅम्बुर्गच्या मेट्रोत इतकी वर्षं बसतेय, अजून कुणी नाव विचारलेलं नाही.

तिथे मी डॉक्युमेंटरी करायला शिकले. पंचगंगेला महापूर आला तेव्हा आई-बाबांचा फोन लागेना. गल्लीतल्या तालमीच्या पोरांनी त्यांना होडीतून बाहेर काढलं. शेजारच्या सुशीलाकाकूंचं स्वतःचं घर पाण्यात होतं, तरी शाळेतल्या छावणीत माझ्या आईची गोळ्या-औषधं त्यांनीच सांभाळली. हे उपकार फिटण्यातले नाहीत. निदान पुरात पुन्हा पुन्हा बुडून उठणाऱ्या या शहरावर फिल्म तरी करावी असं मनाने घेतलं. काकूंच्या भिंतीवर पाण्याची तपकिरी रेघ राहिली होती, माणसाच्या डोक्याच्याही वर. तिचा फोटो बघूनच जर्मनीतल्या लोकांनी माझ्या पहिल्या फिल्मला पैसे दिले.

कॅमेरामन योनासला घेऊन गल्लीत पोचले, तर भिंत पिस्ता रंगाची!

"काकू, अहो रेघ कुठाय? तिच्यासाठीच तर आलोय आम्ही!"

"रंग मारला की वरनं! पावणं येणार, आन् घर तसलं दावू व्हय?"

मी कपाळावर हात मारला. सगळी फिल्म जिच्यावर उभी राहणार होती तीच गेली. योनासला विचारावं, तर तो काकूंचा तांबडा रस्सा पिऊन नाक पुसत बसलेला.

शेवटी कॅमेरा लावला आणि विचारलं, "पाणी कुठवर आलं होतं, काकू?"

काकू स्टुलावर चढल्या आणि हात उंच केला. बोट मात्र भिंतीला टेकवलं नाही, रंग ओला होता. तसाच हात अधांतरी धरून त्या बोलत राहिल्या. शिलाई मशीन गाळात गेलं, लग्नातल्या फोटोंचा लगदा झाला. फोनवर यातलं एक अक्षरही त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मला हवी होती ती फिल्म समोर घडत होती.

त्या उतरल्यावर मी म्हटलं, "या गोऱ्या पाहुण्यासाठी एवढा खटाटोप कशाला केलात?"

"त्येच्यासाठी कोण रंगवतंय? तू येणार हुतीस न्हवं. एवढ्या वर्सांनी आल्यावर तुला ती रेघ दावू व्हय?"

मला रडू फुटलं. माझ्यासारख्या बाहेर गेलेल्यांनो, आपण आपल्याच गावात आता पाहुणे झालो, हे खरं आहे. पण पुराची खूण आपल्या नजरेला पडू नये म्हणून कुणीतरी अजून भिंत रंगवतं. मी तेवढ्यालाच घर म्हणते, आणि मला ते पुरतं.