हो सिस्टर

गोंदियाजवळच्या आमच्या मुर्री गावात तिला सगळे 'हो सिस्टर' म्हणायचे. कोणी काहीही विचारलं, की कळो न कळो, ती आधी 'हो' म्हणायची. तोंडावर 'नाही' म्हणणं तिच्या युगांडातल्या गावात उद्धटपणाचं समजत. या एका शब्दापायी ती एकाच दिवशी दोन लग्नांत जेवून आली आणि पोट धरून पडली.

आमच्या शेजारी सिस्टर लोकांचा, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींचा, छोटा दवाखाना होता. मोठ्या सिस्टर केरळच्या, कडक. त्यांच्या हाताखाली ही तरुण नर्स सिस्टर आली. मी शाळेत शिकवते, म्हणून तिला मराठी शिकवायचं काम माझ्याकडे आलं. पण माझ्या पुस्तकी वाक्यांपेक्षा भाताच्या रोवणीला जाणाऱ्या बायकांचं बोलणं तिच्या जिभेवर लवकर बसलं. "आज उशीर का?" विचारलं, की भिजलेली छत्री मिटत म्हणायची, "पाणी येऊन राहिलं होतं ना, बाई!"

भात तिला चालायचा, पण कच्ची केळी उकडून, कुस्करून खाल्ल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नसे. गोंदियाच्या बाजारातला भाजीवाला म्हणायचा, "बहनजी, पकने दो, फिर ले जाना." ती 'हो' म्हणून रिकाम्या हातानं परत यायची.

रस्त्यानं निघाली की मोठी माणसंसुद्धा थांबून तिचा रंग बघत. एकदा भरल्या बसमध्ये तिच्या शेजारी कोणीच बसलं नाही. "मला मोठी जागा मिळाली," असं मला सांगताना तिनं तोंड फिरवलं.

मग तो दिवस आला. मोठ्या सिस्टर तिरोड्याला गेल्या होत्या. दोन तरुण दवाखान्यात आले आणि त्यांनी विचारलं, "तुमी लोकायले बाटवाले आल्या का?" सिस्टर हसून म्हणाली, "हो."

संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. दुसऱ्या दिवसापासून दवाखान्याचा बाक रिकामा. मी घरोघर समजावून आले, पण सगळ्यांचं उत्तर एकच, "तिनं सोताच्या तोंडानं सांगतलं ना!" आमच्या सासूबाईंनीही मला बजावलं, "तिकडं कायले जातेस आता?"

तरी मी गेले. ती पट्ट्यांच्या घड्या घालत बसली होती. "बाई, लोक माझ्यावर काऊन रागावून राहिले?" 'लोकांना ख्रिस्ती करायला आल्या का,' असा त्या तरुणांच्या प्रश्नाचा अर्थ मी सांगितला. तिच्या हातातली घडी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बायकांकडे बांधावर गेली आणि म्हणाली, "मला समजलं नव्हतं." काही हसल्या. बऱ्याच जणींनी वाकून रोवणी चालू ठेवली.

त्याच पावसाळ्यात तिची आई वारली. मातीला पोचणं शक्य नव्हतं. मोठ्या सिस्टरांनी प्रार्थना केली, तिनं डोळे पुसले आणि पुन्हा दवाखान्यात जाऊन बसली. मी घरी येऊन सांगितलं. सासूबाई उठल्या. चुलीजवळ गेल्या, भात नि बेसन केलं, डबा पदराखाली घेतला.

"तुम्ही कुठं?" मी विचारलं.

"तिची माय मेली ना? आज तिच्या घरी चूल पेटंल का?"

दवाखान्याच्या दारातच त्यांनी गळा काढला. न पाहिलेल्या त्या बाईसाठी आमच्याकडे रडतात तशा मोठ्यानं रडल्या. सिस्टर आधी गोंधळली, मग त्यांच्या खांद्यावर कोसळली. दोघी कितीतरी वेळ आपापल्या भाषेत आपापल्या आईबद्दल बोलत होत्या.

त्यानंतर काही बायका दवाखान्यात येऊ लागल्या. काही कधीच आल्या नाहीत. देशात राहायची परवानगी वाढून मिळाली नाही आणि वर्ष भरायच्या आत सिस्टरला परत जावं लागलं.

निघायच्या दिवशी सासूबाईंनी सुपात नवे तांदूळ काढले. "ओटी भर तिची," मला म्हणाल्या. त्या स्वतः विधवा, म्हणून मला सांगितलं.

"तिचं लग्न कुठं झालंय?"

"लेक हाये ना. लेक रिकामी जाते का?"

सिस्टरनं पांढऱ्या झग्याचा घोळ पुढे धरला. मी तांदूळ घातले. समोर मोटारसायकलवर तेच दोन तरुण बसले होते. गाडीत चढताना तिनं त्यांना हात जोडले. त्यांनी मान फिरवली.

सासूबाईंनी ते पाहिलं. गाडी निघून गेल्यावर त्या रस्ता ओलांडून त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "तुमाले काय पाह्यजे होतं बे तिच्यापासून?" त्यांनी विचारलं.

एकानं मोटारसायकलला किक मारली, पण सासूबाई समोरून हलल्या नाहीत.