नाव घातल्याशिवाय गेम सुरू होत नाही

नवीन पनवेलला, पिठाच्या गिरणीच्या वरच्या दोन खोल्यांत आमची संस्था होती. गिरणी सुरू झाली की टेबलं थरथरत, बोललेलं ऐकू येत नसे आणि संध्याकाळपर्यंत कॉम्प्युटरवर पिठाचा पातळ थर बसे. त्या खोल्यांत आम्ही शेतमजुरांच्या सुरक्षिततेसाठी एक गेम बनवला. त्याआधी आम्ही पोस्टर वाटायचो. पोस्टरवर मास्क लावलेला एक हसरा माणूस होता. मास्कमागे तो हसतोय हे कळायचं कसं, हे मी चित्रकाराला कधी विचारलं नाही. लोक पोस्टर आनंदाने घेत आणि कोंबड्यांच्या खुराड्याला आडोसा म्हणून लावत.

गेम टॅब्लेटवर खेळायचा. पडद्यावर एक माणूस पाठीला पंप अडकवून वांग्याच्या शेतात उभा. त्याला मास्क द्यायचा, हातमोजे द्यायचे, वारा कुठून येतोय ते बघायचं आणि मग औषध मारायचं. किडीच्या विषाला सगळे औषधच म्हणतात, तेव्हा त्याची भीती कुणाला का वाटावी! काही चुकलं की पडद्यावरच्या माणसाला घाम फुटे, मग चक्कर, मग कारभार आटोपला. गेम बनवणारा इंजिनियर पुण्याचा होता. पंप त्याने फोटोत पाहिला होता. पण त्याची एक कल्पना आम्हा सगळ्यांना फार आवडली. खेळणाऱ्याने आधी त्या माणसाला नाव द्यायचं. "त्याने आपलेपणा वाटतो," तो म्हणाला. नाव घातल्याशिवाय गेम पुढे सरकतच नसे.

पहिली चाचणी पळस्प्याच्या पुढे एका गावात, देवळाच्या सभामंडपात ठेवली. बऱ्याच जणांना वाचता येत नव्हतं, म्हणून पडद्यावर येईल ते मोठ्याने वाचायचं काम माझ्याकडे आलं. माझा आवाज शाळेतल्या बाईंसारखा आहे असं संस्थेचं मत होतं.

आधी पुरुष बसले. एका शेठने गावातल्या जमिनी भाजीसाठी भाड्याने घेतल्या होत्या आणि हे सगळे त्याच्याकडे रोजावर फवारणीला जात. पहिल्याने नाव घातलं ते शेठचंच. मग शेठला त्यांनी उलट्या वाऱ्यात उभं केलं, तुंबलेलं नोझल तोंडाने फुंकायला लावलं, न धुतल्या हातांनी भाकरी खाऊ घातली. शेठ मेला. टाळ्या पडल्या. दुसऱ्यानेही शेठचंच नाव घातलं. दुपारपर्यंत शेठ इतक्यांदा मेला की मलाच त्याची दया यायला लागली. इंजिनियरने नोंद केली, 'प्रतिसाद उत्तम.'

मग एक मावशी पुढे आल्या. त्यांचा नवराही शेठकडे फवारणी करायचा. मागच्या खेपेला तो घरी येऊन ओकला होता, हात थरथरत होते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघड्या तोंडाने पंप घेऊन गेला. मावशींनी सांगून पाहिलं, रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. आता तो बाहेर देवळाच्या पायरीवर तंबाखू मळत बसला होता.

"ताई, हा खेळ खेलला तर माणूस ऐकतो काय?" त्यांनी मला विचारलं.

"प्रयत्न करू," मी म्हणाले. मी घरी नवऱ्याला दिवसभर नावाने हाका मारते, तो ऐकत नाही. मी काय सांगणार?

पडद्यावर आलं ते मी वाचलं, "नाव घाला."

मावशी लाजल्या. "नाव नाय घेत आमी."

"कुणाचंही घाला."

"मग खेलून काय उपेग? ह्यांच्यासाठी तर आलेय."

मागच्या बायका हसायला लागल्या. उखाण्यात घ्या म्हणाल्या. पण मावशी काही बधल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "'हे' लिवा." मी 'हे' लिहिलं. गेमला चाललं.

मावशींनी 'हे'ना मास्क लावला, मोजे घातले, वारा पाहिला. वारा पडेपर्यंत थांबल्या, पडल्यावरही थांबल्या. किडीने वांगी फस्त केली, वेळ संपली, गुण शून्य. "खाऊ दे," मावशी म्हणाल्या. त्या फार खूश होत्या. इंजिनियरच्या कपाळाला आठ्या पडल्या.

हसण्याचा आवाज ऐकून नवरा आत आला. बायकोच्या हातातून टॅब्लेट घेतला आणि त्याच नावाने नवा डाव सुरू केला. मास्क द्यायचाच राहिला, असं मी सांगितलं.

"मोबाईलमदी कुठं वास येतोय?" तो म्हणाला. "आणि मास्कमदी जीव गुदमरतो."

त्याने धडाधड बटणं दाबली. माणूस घामाघूम झाला, लटपटला, वांग्यांत आडवा पडला. पडद्यावर अक्षरं आली आणि मी सवयीने, खणखणीत आवाजात वाचली:

"हे यांचा मृत्यू झाला. पुन्हा खेळायचे का?"

सभामंडपात कुणी हसलं नाही. मावशी पडद्याकडे बघत राहिल्या, मग नवऱ्याकडे वळल्या आणि त्यांनी त्याचं नाव घेतलं. उखाणा नाही, काही नाही. चारचौघांत, देवासमोर, पाळण्यात ठेवलेलं नाव, मोठ्याने. आणि पुढे एकेरीत, "तोंड बांध आदी!"

एवढं बोलून त्या रडायला लागल्या. तो माणूस कान पकडून उभं केल्यासारखा उभा होता. मग खाली बसला, 'हो'वर बोट ठेवलं आणि पहिल्यांदा मास्क दिला. "हलू," मावशी नाक पुसत म्हणाल्या. तो हळू खेळला.

संस्थेत परतल्यावर इंजिनियरने नावाची सोय काढून टाकली. लोक दुखावतात म्हणाला. मी भांडले, पण गिरणी सुरू होती.

काही आठवड्यांनी मी पुन्हा त्या गावात गेले तेव्हा फवारणी चालली होती. मावशींचा नवरा पंप घेऊन वांग्यांत होता आणि तोंडाला मास्क होता. बाकीच्यांची तोंडं उघडीच. मावशी बांधावर छत्री उघडून बसल्या होत्या.

"इथे काय करताय?" मी विचारलं.

"काय नाय," त्या त्याच्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "काढला का नाव घेईन."